शक्तीची उपासना अफवेने होत नाही

पाथर्डी तालुक्याला शक्तीची उपासना कुणी शिकवावी लागत नाही. नवरात्रात मोहटादेवीच्या गडाकडे जाणारा रस्ता पहाटेपासून भाविकांनी फुललेला असतो. माहूरच्या रेणुकेचेच रूप म्हणून येथील घराघरांत ही देवी पूजिली जाते. आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की याच तालुक्यातील हजारो कुटुंबे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरेबाळे घेऊन ऊसतोडीसाठी घर सोडतात. शक्ती हा येथे केवळ आरतीतला शब्द नाही. ती मनगटात असावी लागते, हे येथील माणसाला पुरते ठाऊक आहे.

या तालुक्यात, आणि महाराष्ट्रभरच, गेली काही वर्षे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एका वेगळ्याच 'काली'ची महती गायिली जात आहे. भारताच्या शास्त्रज्ञांनी 'काली-५०००' नावाचे गुप्त अस्त्र बनविले असून त्याच्या अदृश्य किरणांनी शत्रूचे क्षेपणास्त्र आकाशातल्या आकाशात निकामी होते, उपग्रह जळून जातो, एवढेच काय, तर ७ एप्रिल २०१२ रोजी सियाचीनजवळ गयारी येथे हिमकडा कोसळून पाकिस्तानचे सैनिक गाडले गेले तो याच कालीचा प्रताप होय, अशा आशयाचे संदेश आजही फिरत असतात. 'प्रत्येक देशभक्ताने पुढे पाठवावे' अशी पुस्ती त्याखाली असते. आपले कार्यकर्तेही ते निष्ठेने पुढे पाठवतात. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु हेतू निर्मळ असला म्हणून माहिती खरी ठरत नाही. ज्या राष्ट्राच्या परमवैभवाचे स्वप्न आपण पाहतो, त्या राष्ट्राच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्षात काय केले आहे हे जाणून घेण्याची तसदी न घेता त्यांच्या नावावर चमत्कार खपविणे हा त्यांचा गौरव नव्हे. तो त्यांचा नकळत झालेला अवमान आहे.

काली म्हणजे नेमके काय?

'काली' ही इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेली संज्ञा आहे. किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर हे तिचे पूर्ण रूप. अर्थ सरळ आहे: हजारो अँपिअरचा इलेक्ट्रॉनांचा झोत सरळ रेषेत सोडणारे यंत्र. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने १९८० च्या दशकापासून या दिशेने काम सुरू केले आणि काली-८०, काली-२००, काली-१०००, काली-५००० अशी यंत्रांची एक मालिकाच उभी राहिली. काली-५००० हे यंत्र २००४ च्या सुमारास कार्यान्वित झाले. या जातीच्या यंत्रांना 'पल्स पॉवर' वेगवर्धक म्हणतात. सावकाश साठवलेली विद्युतशक्ती एका क्षणार्धात सोडून देणे हे त्यांचे मूलतत्त्व.

या यंत्राचे आकडे पाहिले की छाती दडपते. दहा लाख व्होल्टचा दाब आणि सुमारे ४० हजार अँपिअरचा प्रवाह. दोहोंचा गुणाकार केला तर शक्ती होते ४ हजार कोटी वॉट, म्हणजे ४० गिगावॉट. मे २०२४ मध्ये साऱ्या भारताची विजेची मागणी २५० गिगावॉटच्या विक्रमी पातळीला पोहोचली होती. ट्रॉम्बेतील एका दालनातील यंत्र त्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढी शक्ती प्रकट करते! संदेश लिहिणाऱ्याचे वाचन येथेच थांबते आणि कल्पनाशक्ती सुरू होते.

पण ही शक्ती टिकते किती वेळ? फार तर १०० नॅनोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा एक कोटीवा भाग. ४ हजार कोटी वॉटला या एक कोटीव्या भागाने गुणले की हाती उरते ती ऊर्जा ४ हजार ज्यूल. ही ऊर्जा म्हणजे किती? पन्नास किलोचे धान्याचे पोते आठ मीटर उंच उचलायला लागते तेवढी. वीजबिलावरील एका युनिटचा नऊशेवा हिस्सा. युनिटला आठ-नऊ रुपये दर धरला तर एका पैशाची वीज! आणि एवढ्या वेगाचे इलेक्ट्रॉन हवेत चारएक मीटर अंतर कापले की थांबतात. त्यांपासून सूक्ष्मलहरी निर्माण करता येतात आणि त्या दूरवर जाऊ शकतात हे खरे; पण जसजसे अंतर वाढते तसतशा त्या पसरत आणि क्षीण होत जातात. हजारो किलोमीटरवरील हिमकडा पाडण्याची गोष्ट या हिशेबात कोठेही बसत नाही. हिमालयात हिमकडे कोसळतात ते निसर्गनियमाने. ते आपले जवान आणि त्यांचे जवान असा भेद करीत नाहीत. गयारीच्या त्या दुर्घटनेत १४० जणांचा बळी गेला. शत्रूही निसर्गाच्या कोपाने मेला तर त्यावर टाळ्या पिटणे हा आपला संस्कार नव्हे, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे.

मग काली निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. या यंत्रातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या क्षणिक लखलखाटात अतिवेगवान घटनांची छायाचित्रे टिपता येतात. बंदुकीची गोळी कवचात शिरते त्या निमिषाचे चित्र साध्या कॅमेऱ्याला घेता येत नाही, ते या लखलखाटात मिळते. तिच्या सूक्ष्मलहरींचा मारा करून आपल्या विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे किती टणक आहेत हे तपासता येते. ज्या युद्धात बॉम्बपेक्षा विद्युतचुंबकीय आघाताने यंत्रणा ठप्प करण्याकडे जगाचा कल आहे, त्या युद्धात ही परीक्षा किती मोलाची आहे हे सांगायला नको. मनोहर पर्रिकर संरक्षणमंत्री असताना कालीविषयी संसदेत प्रश्न विचारला गेला. ही माहिती संवेदनशील असून ती उघड करणे राष्ट्रहिताचे नाही, असे त्यांनी उत्तर दिले. आयआयटीतून बाहेर पडलेल्या त्या अभियंता मंत्र्याने मौनाची मर्यादा पाळली. आपण मात्र त्या मौनाच्या रिकाम्या जागेत कल्पनेचे इमले बांधले. राष्ट्राचे गुपित राखणे हे नागरिकाचेही कर्तव्य असते, आणि गुपिताच्या नावाने गप्पा रचणे म्हणजे गुपित राखणे नव्हे.

गोफण आणि मनोरा

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. परंतु पल्स पॉवरमागचे तत्त्व समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. बाजरीच्या राखणीला बसलेल्या शेतकऱ्याची गोफण पुरते. तो गोफण गरगर फिरवतो, हाताचे बळ हळूहळू दगडात साठत जाते आणि एका नेमक्या क्षणी दोरीचे एक टोक सुटते. बळ तेच असते. सारी किमया ते साठविण्यात आणि क्षण साधण्यात असते.

विजेच्या बाबतीत ही साठवण कपॅसिटरमध्ये होते. घरच्या पंख्यात आणि विहिरीवरच्या मोटारीत असतो त्याच कुळातली, पण महाकाय अशी ही उपकरणे. त्यांतील विद्युतरोधक म्हणून आजही अनेक ठिकाणी एरंडेल तेल वापरले जाते, आणि एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, ही गंमत वाचकांना आवडावी. १९२४ मध्ये एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने एक युक्ती काढली. अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकात सारख्या दाबाची वीज भरायची आणि मग ठिणग्यांच्या साहाय्याने क्षणात त्यांची जोडणी बदलून त्यांना एकामागे एक उभे करायचे. शाखेत ज्यांनी मनोरे रचले आहेत त्यांना हे लगेच उमगेल. वीस तरुण एका ओळीत उभे राहिले तर त्या ओळीची उंची एका माणसाएवढीच. तेच एकमेकांच्या खांद्यावर चढले की उंचीची बेरीज होते. मार्क्सच्या यंत्रात विजेच्या दाबाची अशीच बेरीज होते. हजारांचे लाख होतात, लाखांचे दशलक्ष होतात. पुढे विशिष्ट रचनेच्या नळकांड्यांतून ही ऊर्जा आणखी कमी वेळात कोंबली जाते आणि मग तो लखलखाट होतो.

एका वेळी एक खांदा डळमळला तर मनोरा कोसळतो, तसेच येथेही आहे. शेकडो ठिणग्या एका सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागाच्या अचूकतेने पडाव्या लागतात. तेल, धातू, पोकळी, काच, प्रत्येक जोड निर्दोष असावा लागतो. १९७४ च्या आणि पुन्हा १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर पाश्चात्त्य देशांनी आपल्याला तंत्रज्ञान नाकारले. १९९८ नंतर अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्राला निर्बंधांच्या यादीत घातले आणि त्या यादीतून ते नाव निघायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले. या नाकेबंदीच्या काळातच काली-५००० उभी राहिली. तिच्या खऱ्या पराक्रमाची गोष्ट ही आहे. हिमकड्याच्या कहाणीपेक्षा ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी नाही काय?

विजेची मूठ

परंतु पल्स पॉवरचे खरे महत्त्व शस्त्रागारापुरते नाही. जगातील मोठमोठी राष्ट्रे आज या मार्गाने सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणण्याच्या खटपटीत आहेत.

सूर्य तळपतो तो हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिसळल्यामुळे. या क्रियेला संमीलन म्हणतात. अणुवीज केंद्रांत जड केंद्रक फोडले जाते, येथे हलकी केंद्रके जोडली जातात. ती जोडायची तर सुमारे दहा कोटी अंशांचे तापमान लागते. सूर्याच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी अधिक, कारण सूर्याचा प्रचंड भार आणि दाब आपल्यापाशी नाही. इंधन मात्र पाण्यात आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ३३ मिलिग्रॅम ड्युटेरियम असते आणि त्याचे पूर्ण संमीलन झाले तर सुमारे ३०० लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा मिळते. पंधरा लिटरचा एक हंडा म्हणजे साडेचार हजार लिटर पेट्रोल! टँकरच्या पाण्यासाठी रांगेत हंडे लावलेल्या तालुक्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण त्या हंड्यात हेही दडलेले आहे, हे त्या रांगेतल्या मुलाला कुणी सांगितले आहे काय?

एवढे तप्त इंधन धरून ठेवायचे कशात? कोणतेही भांडे त्यापुढे टिकणार नाही. येथे निसर्गाचा एक सुंदर नियम मदतीला येतो. एकाच दिशेने वीज वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात. प्रवाह पुरेसा मोठा असेल तर तो ज्या वायूतून वाहतो त्या वायूलाच आवळतो, जणू वीज स्वतःची मूठ वळते. १९०५ मध्ये ऑस्ट्रेलियात एका तांब्याच्या पोकळ नळीवर वीज कोसळली आणि ती नळी आतल्या बाजूला चिरडली गेली. दोन प्राध्यापकांनी त्याचे कारण शोधले ते हेच. आकाशातील साध्या विजेचा प्रवाह तीसएक हजार अँपिअर असतो; काली-५००० चा प्रवाह त्याच मापाचा आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील सँडिया प्रयोगशाळेच्या 'झेड' यंत्राचा प्रवाह आहे २ कोटी ६० लाख अँपिअर, म्हणजे कालीच्या सुमारे साडेसहाशे पट. त्याच्या कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा अवघी सहा युनिटे आहे. पण ती इतक्या अल्प काळात मोकळी होते की त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची शक्ती साऱ्या जगातील वीजकेंद्रांच्या सरासरी निर्मितीच्या सुमारे शंभर पट भरते.

या झेड यंत्राचा इतिहास आपल्या धोरणकर्त्यांनी डोळ्यांखालून घालावा असा आहे. १९७० च्या दशकात सँडियाने इलेक्ट्रॉनांच्या झोताने संमीलन साधण्याचा प्रयत्न केला. तो फसला. मग हलक्या आयनांच्या झोतांचा मार्ग धरला आणि त्यासाठी १९८५ मध्ये मोठे यंत्र उभारले. तोही मार्ग खडतर निघाला. तेव्हा यंत्र भंगारात न काढता १९९६ मध्ये त्याचेच रूपांतर करून विजेच्या मुठीचा मार्ग स्वीकारला. २००७ मध्ये त्याची शक्ती आणखी वाढविली. पुढे इंधनाला आधी चुंबकीय क्षेत्रात ठेवून, लेसरने तापवून मग आवळण्याची पद्धत आली. चार दशकांत तीन वेळा वाट बदलली, पण वाटचाल थांबविली नाही. माणसे, यंत्रशाळा आणि अनुभव यांची परंपरा अखंड राहिली. आपण जिला साधना म्हणतो ती याहून वेगळी नसते.

हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की संमीलनातून व्यापारी वीज अद्याप कुणालाही मिळालेली नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरने इंधनाला २.०५ मेगाज्यूल ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळविण्यात यश आले. जगभर जल्लोष झाला. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती! झेड यंत्रही दिवसाला साधारण एकच स्फोट करू शकते, आणि प्रत्येक स्फोटात त्याचा गाभा नष्ट होतो. वीजकेंद्र चालवायचे तर असे स्फोट अव्याहत करावे लागतील. वाट लांबची आहे. तरीही चीनने मियानयांग येथे सुमारे ८० लाख ते १ कोटी अँपिअरचे यंत्र २०१३ मध्ये उभे केले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये पल्स पॉवरच्या मार्गाने संमीलन साधू पाहणाऱ्या पॅसिफिक फ्यूजन या एका खासगी कंपनीने ९० कोटी डॉलरचे भांडवल जमल्याचे जाहीर केले. व्यापारी माणूस लांबच्या वाटेवर पैसा लावतो तेव्हा त्या वाटेच्या टोकाला काहीतरी दिसत असते.

आपण कोठे आहोत?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या व्यासपीठावरून केले. कालमर्यादेचा अंदाज चुकला. दिशा चुकली नाही. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे झालेल्या, अन्नासाठी परदेशाकडे पाहणाऱ्या देशाचा प्रतिनिधी जगाला सूर्याविषयी सांगत होता. त्या आत्मविश्वासाला आपण सलाम केला पाहिजे.

त्या स्वप्नाची आपली मुख्य वाट गुजरातेतून गेली. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. प्रेधिमन कृष्ण काव तिचे संस्थापक संचालक. १९८९ मध्ये तेथे 'आदित्य' हे संमीलन-संशोधनाचे यंत्र भारतात बांधून कार्यान्वित झाले. डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना भारत फ्रान्समधील 'इटर' या सात भागीदारांच्या प्रकल्पात सामील झाला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये करारावर सही झाली. इटर-इंडियाची धुरा शिशिर देशपांडे यांच्यासारख्या मराठी नावाच्या शास्त्रज्ञाने वाहिली. त्या प्रकल्पाचे सुमारे ३ हजार ८०० टनांचे अतिशीत आवरण हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने घडविले आणि मे २०२० मध्ये त्याचा तळभाग फ्रान्समधील खड्ड्यात बसविला गेला. स्टेनलेस पोलादाचे जगातील सर्वात मोठे असे ते उच्च-पोकळीचे पात्र भारतीय कारागिरांच्या हातून निघाले आहे. इटर स्वतः मात्र रखडला. नव्या वेळापत्रकानुसार तेथील संशोधन २०३४ मध्ये सुरू होणार आहे.

पल्स पॉवरच्या वाटेवर ट्रॉम्बेने कालीखेरीज आणखीही काम केले. प्लाझ्मा फोकस नावाची छोटी यंत्रे बांधून त्यांत ड्युटेरियमचे संमीलन घडविले आणि त्यातून निघणारे न्यूट्रॉन मोजले. क्षणिक चुंबकीय धक्क्याने दोन धातू न वितळविता जोडण्याचे तंत्र विकसित केले. आता या विद्येचे एक मोठे केंद्र विशाखापट्टणमजवळ उभे आहे. पाया आहे, माणसे आहेत, परंपरा आहे. नाही ते झेडच्या तोडीचे यंत्र. आणि नाही ते विद्यापीठांतून या विषयात येणाऱ्या तरुणांचा ओघ. एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम आपण संशोधनावर खर्च करतो. चीनचा खर्च अडीच टक्क्यांच्या घरात आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा अभियानासाठी २० हजार कोटी रुपयांची तरतूद केली आणि जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ही स्वागतार्ह पावले आहेत. त्यांतील काही हिस्सा मध्यम आकाराच्या, विद्यापीठांना खुल्या असणाऱ्या पल्स पॉवर यंत्राकडे वळला पाहिजे, अशी मागणी करण्याचा अधिकार करदात्या नागरिकाला आहे.

अफवेची किंमत

येथे कुणी म्हणेल, एका संदेशाचे एवढे काय मनावर घ्यायचे? मुलांना देशाचा अभिमान वाटतो ना, मग झाले! नाही. असे म्हणून चालणार नाही.

एक तर खोटा अभिमान खऱ्या प्रयत्नाची गरज संपवितो. आपल्यापाशी आधीच दिव्य अस्त्र आहे अशी समजूत झालेला समाज प्रयोगशाळेसाठी निधी का मागेल? ज्याला वाटते की सारे ज्ञान आपल्या पूर्वजांनी मिळवूनच ठेवले आहे, त्याचा मुलगा रात्र रात्र जागून गणित का सोडवील? दुसरे असे की, जगाच्या बाजारात एकदा आपली खोटी फुशारकी उघडी पडली की खऱ्या पराक्रमावरही विश्वास बसत नाही. भारताने केले ते उसने तरी असणार किंवा थाप तरी असणार, असे म्हणणारा एक विद्वान वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. स्वदेशी म्हटले की नाक मुरडायचे हे त्याचे व्रत. त्याच्या हाती आपणच कोलीत का द्यावे?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'विज्ञाननिष्ठ निबंध' लिहिले ते काय केवळ कपाटाची शोभा वाढवायला? १८९३ मध्ये जहाजावर स्वामी विवेकानंदांची आणि जमशेटजी टाटांची भेट झाली. पुढे १८९८ मध्ये टाटांनी त्या भेटीचे स्मरण देऊन विज्ञान-संशोधनाच्या संस्थेसाठी स्वामीजींना पत्र लिहिले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये उभी राहिली ती त्याच टाटांच्या दानातून. शक्तीचे सर्वांत तेजस्वी उपासक प्रयोगशाळेच्या बाजूने उभे राहिले, हा आपला वारसा आहे.

पाथर्डीसारख्या तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलाची शाळा अर्धवट सुटते. साखरशाळा आणि वसतिगृहे चालविणाऱ्या सेवाभावी मंडळींनी ही गळती काही प्रमाणात थोपविली, पण ती थांबलेली नाही. त्या मुलाच्या हाती आज भ्रमणध्वनी आला आहे. कालीचा संदेश त्याच्यापर्यंत काही सेकंदांत पोहोचतो. भिंग, तारेचे वेटोळे आणि विद्युतमापी मात्र दहावी झाली तरी त्याच्या हाती पडत नाहीत, कारण अनेक ग्रामीण शाळांतील प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली तपासणीच्या दिवशीच निघते. विज्ञानाच्या नावाने त्याला आपण काय दिले? एक चमत्कार! आणि त्याने वाढावे अशी आपली अपेक्षा आहे ती मात्र शास्त्रज्ञ म्हणून.

टँकरवर आणि रोजगार हमीवर जगणाऱ्या तालुक्याला संमीलनाचे काय देणेघेणे, असा प्रश्न दुसऱ्या बाजूने येईल. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. संमीलनाच्या विजेवर पाथर्डीतील मोटार उद्या चालणार नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी असेल तर आजचा उपाय सौरऊर्जा हाच आहे. त्या कृषी वाहिनी योजनेचा पहिला प्रयोग २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीला झाला. परंतु जो समाज केवळ आजच्या पोटापुरता विचार करतो तो उद्याही दुसऱ्याच्याच दारात उभा राहतो. ट्रॉम्बेच्याच शास्त्रज्ञांनी अणुकिरणांच्या साहाय्याने तयार केलेले टॅग-२४ हे भुईमुगाचे वाण महाराष्ट्रातील शेतांत पसरले. लासलगावच्या कांद्यावर किरणप्रक्रिया करणारे केंद्रही त्यांनीच उभारले. १९५५ साली कुणी भाभांना विचारले असते, की या साऱ्याचा शेतकऱ्याला काय उपयोग, तर त्यांनाही भुईमुगाचे नाव घेता आले नसते. मूलभूत संशोधन झाडासारखे असते. लावतो एक आणि फळ खातो दुसरा.

आपल्या हाती काय आहे?

पल्स पॉवरचे यंत्र बांधणे आपल्या हाती नाही. पण ते बांधणारी माणसे घडविणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे. विज्ञान भारतीसारख्या संघटना स्वदेशी विज्ञानाचा विचार गेली अनेक वर्षे मांडत आल्या आहेत. तो विचार शहरातील सभागृहांतून तालुक्याच्या शाळेपर्यंत आला पाहिजे. प्रत्येक शाखेच्या क्षेत्रात एक तरी माध्यमिक शाळा असते. त्या शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून दोनदा उघडते काय, याची मुख्याध्यापकांकडे आदराने आणि चिकाटीने चौकशी करावी. उपकरणे नसतील तर वर्गणीतून घ्यावीत. गणेशोत्सवाच्या एका दिवसाच्या रोषणाईचा खर्च वाचविला तर विद्युतचुंबकत्वाचे सारे शालेय प्रयोग होतील एवढे साहित्य येते. निवृत्त अभियंते आणि शिक्षक जवळपास प्रत्येक गावात आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार मुलांना दिला तर हे काम पैशावाचूनही होण्यासारखे आहे. अकरावी-बारावीच्या मुलांची एखादी सहल ट्रॉम्बे, गांधीनगर किंवा निदान पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागापर्यंत काढावी. मंडळाच्या वाचनालयात विज्ञानाच्या मराठी पुस्तकांचे एक कपाट असावे आणि त्याला कुलूप नसावे.

आणि भ्रमणध्वनीवर कालीचा संदेश आला तर? तो पुढे पाठवू नये. त्याऐवजी पाठविणाऱ्या बंधूला चार ओळी लिहाव्यात: दहा लाख व्होल्ट, चाळीस हजार अँपिअर, एका सेकंदाचा एक कोटीवा भाग, आणि त्याचा गुणाकार. हा गुणाकार आठवीतल्या मुलाकडून करून घ्यावा. उत्तर काढल्यावर तो जो पहिला प्रश्न विचारील, त्या प्रश्नात आपल्या देशाचे उद्याचे बळ आहे. इतकी थोडी ऊर्जा, पण इतक्या थोड्या वेळात, हे त्यांनी केले तरी कसे? असे ज्याला विचारावेसे वाटले तो मुलगा कालीच्या खऱ्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचला. त्याला आत नेण्यासाठी ज्ञानाचा दिवा घेऊन कुणीतरी उभे असले पाहिजे. ते काम शासनाचे आहे, शिक्षकांचे आहे, आणि राष्ट्रकार्याचे व्रत घेतलेल्या आपलेही आहे.